डिचोलीमार्गे जॉर्डन

जॉर्डनला जाऊन आल्यापासून भेटेल तो मला एकच विचारतो, विमानात जेवायला काय दिलं? खरं सांगायचं तर मला विमान फारसं आठवत नाही. एक तर मी बराच वेळ डोळे घट्ट मिटून बसले होते, आणि दुसरं म्हणजे विमानात पाय ठेवला तोवर माझा अवघड प्रवास होऊनही गेला होता. तो सुरू झाला पेडण्याच्या बसस्टँडवर, मार्चमधल्या एका सोमवारी. त्यातला सगळ्यात लांबचा पल्ला वाळपईच्या पुढे होता.

यातली गंमत पेडणेकरांनाच कळेल. मोपाचा विमानतळ आमच्याच तालुक्यात. विमानं आमच्या माडांवरून जातात, सासूबाई अंगणात उकडे तांदूळ निवडताना मान वर न करता सांगतात, ‘दनपाराचां गेलां.’ म्हणजे दुपारचं गेलं. आणि मी परदेशी जायला निघाले ती उलट्या दिशेने, म्हापशाला बस बदलून डिचोलीला.

पेडणे

आमचं घर गणपती घडवणाऱ्यांचं. तीन पिढ्यांची चित्रशाळा आहे. मांय, म्हणजे माझ्या सासूबाई, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही माती स्वतः बघून घेतात. रंग आणि डोळ्यांची आखणी आमचे हे करतात. माझं काम हात फिरवायचं. मूर्ती साच्यातून निघाली की तिच्या अंगावर शिवण दिसते, बोटांचे ठसे असतात, कुठे उंचवटा, कुठे खळगा. ओला कपडा आणि बांबूची कोरणी घेऊन ते सगळं नाहीसं करायचं. सत्तावीस वर्षं मी हेच करते आहे. ‘हिचा हात फिरला की गणपतीच्या पोटरीवरून मुंगी घसरते,’ असं हे एकदा म्हणाले होते. सत्तावीस वर्षांतलं हे एकच कौतुक असल्यामुळे मला शब्द न शब्द पाठ आहे.

गेल्या वर्षीच्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, काळे सर मूर्ती न्यायला आले. डिचोलीला कृत्रिम पाय बनवणारं एक केंद्र आहे, तिथले ते मुख्य कारागीर. मी एका मूर्तीच्या पायावरून कपडा फिरवत होते, तर हे गृहस्थ मूर्ती सोडून माझ्या हाताकडे बघत उभे.

‘तुमचा हात प्लास्टरवर चालेल?’ त्यांनी विचारलं.

‘माती काय नि प्लास्टर काय,’ मी म्हटलं. हे वाक्य पुढे मला चांगलंच गिळावं लागलं.

मग त्यांनी सांगितलं. त्यांची एक तुकडी दरवर्षी पंधरा दिवस जॉर्डनला जाते. सीमेपलीकडून घरदार सोडून आलेली माणसं तिथे आहेत, त्यात पाय गेलेलेही पुष्कळ. पायाचा ठसा घ्यायचा तर गुडघ्याच्या वरपर्यंत हात लावावा लागतो. तिथल्या बायका पुरुषाला हात लावू देत नाहीत, दारातून परत जातात. तुकडीत बाई नाही. ‘शिकायला तयार असाल तर दोन महिने आठवड्यातून दोनदा डिचोलीला या. शेवटी एक पाय संपूर्ण तुम्ही करायचा. ज्याचा पाय तो माणूस त्यावर चालला, तर तुमचं नाव यादीत जाईल.’

मी पन्नाशी ओलांडलेली बाई. तोवर माझा लांबचा प्रवास म्हणजे तिरुपती, आणि तोही घाटात पिशवी तोंडाशी धरून केलेला. तरी माझ्या तोंडून ‘येते’ निघून गेलं. दारातून परत जाणारी ती बाई मला दिसायला लागली होती, त्याला काय करणार?

घरी मांयने उलटतपासणी घेतली.

‘आनी चवथ? मूर्तींर हात कोण फिरयतलो?’

‘मांय, जुलैत जाऊन जुलैतच येते. चवथ सप्टेंबरात आहे.’

‘थंय तुजां कोण आसा?’

‘कोणी नाही.’

‘मगे?’

म्हणजे, मग जातेस कशाला? ह्यांनी वर्तमानपत्र वर धरलं. आमच्या घरात ती संमतीची खूण मानतात.

अरबी शिकवायला मिंगेलबाब होते. आमचे शेजारी. बावीस वर्षं कुवेतमध्ये गाडी चालवून परत आलेले. संध्याकाळी त्यांच्या बलकांवात, म्हणजे ओसरीवर, शिकवणी व्हायची. ‘सीदा’ म्हणजे सरळ, ‘यमीन’ उजवीकडे, ‘यसार’ डावीकडे, ‘शुवय शुवय’ म्हणजे हळूहळू, ‘वग्गिफ’ म्हणजे थांब. केरसुणीचा दांडा गिअरसारखा धरून ते मला एकेक शब्द तीनतीनदा घोकायला लावत.

‘मिंगेलबाब, कशा आहात, असं बाईला कसं विचारायचं?’

‘तें माका खबर ना गो बाय. पासिंजर माका कशे आसात म्हूण कित्याक विचारतलो? ताका खंय वचपाचें तें सांगतलो.’

पासिंजर फक्त कुठे जायचं ते सांगतो. म्हणजे जॉर्डनच्या बाईला कुशल विचारता येणार नव्हतं, पण तिची गाडी मी व्यवस्थित पार्क करून दिली असती.

डिचोली

अस्नोड्याच्या पुढे बस वळली की लाल धुळीचे डोंगर दिसू लागतात, खाणीच्या मातीचे. केंद्र बाजारापासून चालत पाच मिनिटांवर. आत पाऊल ठेवलं आणि आमच्या साच्यांच्याच त्या प्लास्टरच्या वासाने मला माहेरी आल्यासारखं वाटलं. भिंतीला टेकून पांढरे पाय उभे होते. मी मनातल्या मनात त्यांना नावं ठेवली. काय हे ओबडधोबड काम!

रीत अशी. कापून उरलेल्या पायावर जिथे जिथे हाड वर येतं तिथे जांभळ्या पेन्सिलीने खूण करायची. त्यावर प्लास्टरची ओली पट्टी गुंडाळून ठसा घ्यायचा. ठशात प्लास्टर ओतलं की त्या माणसाच्या पायाची हुबेहूब प्रत मिळते, जांभळ्या खुणांसकट. मग ती प्रत तासायची. जिथलं मांस भार सोसतं तिथे तासून कमी करायची, आणि जिथे हाड आहे तिथे उलट प्लास्टर चढवायचं, म्हणजे वरून ओढलेल्या प्लास्टिकच्या पायात त्या हाडाला बसायला जागा राहते.

‘हा उंचवटा दिसतो? याला हात लावायचा नाही,’ काळे सर बजावत. मी मान डोलवत असे. मान माझी होती, हाताचं मला सांगता येत नाही.

परीक्षेसाठी माझ्या वाट्याला आले लक्ष्मण गवस. मूळचे दोडामार्गकडचे, खाणीवर टिपर चालवायचे. टायर बदलताना जॅक सरकला आणि डावा पाय गुडघ्याखाली गेला. आता वाळपईच्या पुढे राहत होते. पाय मिळाल्यावर सगळ्यात आधी काय करायचंय, असं मी विचारलं.

‘गणपती हाडूचो आसा,’ ते म्हणाले. हाडणं म्हणजे आणणं. ‘तीन वर्सां मेव्हणो हाडता. मी कुबड्यो घेवन दारात उबो. हात मोकळे नायत तर गणपती धरू कशान? आमच्या दारात चिऱ्याच्यो पायऱ्यो आसत, उंच. औंदा माका माज्या हातान हाडूचो आसा.’

त्या दिवशी पाय तासायला बसले ती जेवायलाही उठले नाही. संध्याकाळी सर म्हणाले, ‘सुंदर झालाय.’ सुंदर झालाच होता. त्यावर प्लास्टिक ओढून पाय तयार झाल्यावर गवसांनी तो चढवला, दोन दांड्यांमधून बारा पावलं चालले आणि कपाळावरचा घाम पुसत हसले.

‘बरो आसा, ताई. एकदम बरो.’

कातडी थोडी लाल झाली होती. सर म्हणाले पहिल्या दिवशी एवढं होतंच, गुरुवारी येऊन दाखवा. त्याच संध्याकाळी माझं नाव यादीत गेलं. मी डिचोलीच्या बाजारातून खाज्याचा पुडा घेतला आणि बसमध्ये शेजारच्या अनोळखी बाईलाही दिला. तिने कशाचं विचारल्यावर म्हटलं, ‘जॉर्डनचं.’

गुरुवारी गवस आले नाहीत. सोमवारीही नाहीत. फोन केला तर, ‘बरो आसा ताई, जरा कामात आसय.’ पुढच्या गुरुवारीही तेच. आता पाय नसलेल्या टिपर ड्रायव्हरला कामावर कोणी बोलावलं? शनिवारी सकाळी मी डबा घेतला आणि घरी न सांगता निघाले.

वाळपईच्या पुढे

वाळपईपर्यंत तिसरी बस, तिथून चौथी, आणि मग चालत. काजूचे दिवस होते, सगळ्या रस्त्याला पिकल्या बोंडूंचा वास. एका बाईला गवसांचं घर विचारलं तर तिने हाताने दाखवलं. वर, चिऱ्याच्या पायऱ्या चढून. गवस म्हणाले होते तशाच त्या उंच होत्या. दोन पायांची मी तिसऱ्या पायरीवर दम खायला थांबले.

दारात गवस आले. कुबड्यांवर.

‘पाय कुठाय?’ मी विचारलं. नमस्कार-चमत्कारही राहून गेला.

त्यांच्या बायकोने आत बोट केलं. देवारा होता, आणि त्याच्या शेजारच्या फळीवर, धुतलेल्या टॉवेलावर, माझा पाय उभा होता. वर जास्वंदीचं फूल.

सत्तावीस वर्षं आमच्या शाळेतून मूर्ती देवाऱ्यात गेल्या. माझं स्वतःचं काम देवाऱ्याशेजारी जाऊन बसल्याचं पहिल्यांदाच बघितलं, आणि रडू येण्याऐवजी मला भयंकर राग आला. गवसांचा नव्हे. माझाच.

‘दुखतो ना?’

‘बरो आसा, ताई.’

‘बरो खंयचो!’ त्यांची बायको उसळली. ‘फोड इलो तेका. चार दिस निजाक नाय. तुमका सांगूक भियाता.’

‘मग त्या दिवशी बोलला का नाहीत?’

गवस खाली बघत म्हणाले, ‘ताई, तुमी गणपतीचे पाय करतास. त्याच हातान माका पाय केल्यात. तेका नावां कशी ठेवू? आणि तुमचा नाव जावचा होता.’

मी त्यांच्या गुडघ्याशी बसले. बाहेरच्या बाजूला, गुडघ्याच्या जरा खाली, सुपारीएवढी जखम होती, भरत आलेली. तिथे हाडाचा एक उंचवटा असतो. जांभळी खूण मीच केली होती. आणि मग तासायला बसल्यावर माझा हात त्यावरून फिरला होता, ओला कपडा घेऊन, एकदा, दोनदा, सात-आठदा. तिथून मुंगी घसरली असती.

पाय टॉवेलात गुंडाळून बगलेत मारला आणि तशीच डिचोलीला निघाले. टॉवेलातून पावलाची बोटं बाहेर डोकावत होती. बसमध्ये शेजारची बाई दुसऱ्या सीटवर जाऊन बसली. कंडक्टरने पायाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

‘हाचें अर्दें तिकीट काडूं?’

मी म्हटलं, ‘पुरं काढ. ह्याच्यामुळे माझं नाव यादीतून जाणार आहे.’

काळे सरांसमोर पाय ठेवला आणि सगळं सांगितलं. ‘माझं नाव काढा.’

सरांनी आत हात घालून ती जागा चाचपली. मग म्हणाले, ‘चूक माझीही आहे. मी पाय बघितला, माणूस बघितला नाही. पण तुमचं नाव काढून गवसांचा पाय होणार आहे का? जखम पूर्ण भरू द्या. मग पुन्हा ठसा घ्या. ते चालले तर जा, नाही चालले तर मीच नाव काढतो.’

ते तीन आठवडे मी मांयच्या पायाशी काढले. अक्षरशः. दुपारी ती आडवी झाली की मी डोळे मिटून तिचा गुडघा चाचपायची. वाटीखाली मऊ, बाहेर टेंगूळ, नडगीची धार. म्हाताऱ्या पायावर मांस कमी, त्यामुळे सगळी हाडं नकाशासारखी उघडी.

‘माजीं हाडां मोजतंय काय गो?’

‘शिकते आहे, मांय.’

‘शीक, शीक. हंय दुखता थंय चड दामूं नाका.’ म्हणजे फार दाबू नकोस. आणि थोड्या वेळाने, डोळे न उघडता, ‘तांकांय अशीच दुखतलीं मगे?’ म्हणजे त्या तिकडच्या बायकांना.

‘हो.’

‘मगे वच,’ मांय म्हणाली. म्हणजे, मग जा. तिच्या त्या पहिल्या ‘मगे’चं उत्तर तिनेच दिलं.

दुसरा पाय तासताना मी ओला कपडा घरी ठेवून गेले. पण पाय तयार झाला तरी मोठी अडचण तशीच होती. गवसांना विचारलं तर ते ‘बरो आसा’ म्हणणार! मग मला आमच्या देवाऱ्यातला करंडा आठवला. पायाच्या आत मी बोटाने कुंकू माखलं आणि म्हटलं, ‘गवसभाऊ, तुम्ही बोलूच नका. फक्त चाला आणि उतरवून दाखवा.’

पहिल्यांदा उतरवला तेव्हा गुडघ्याखाली एक लालभडक ठिपका. जिथे घासतं तिथेच कुंकू जास्त लागलेलं. तेवढं आतून घासून काढलं. दुसऱ्यांदा ठिपका फिका. तिसऱ्यांदा पुसट लाली, सगळीकडे सारखी. मग मी त्यांना बसस्टँडपर्यंत चालवत नेलं आणि परत आणलं. पाय उतरवला, पुसला, बघितलं. कातडी स्वच्छ.

‘आता बोला,’ मी म्हटलं.

गवसांनी भिंतीला टेकवलेल्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘ताई, राग मानू नकात. पण हो दिसाक पयल्यासारखो बरो नाय.’

आयुष्यात कुणी माझ्या कामाला नाव ठेवल्यावर मी एवढी खूश झाले नव्हते.

जॉर्डन

आमचं शिबिर अम्मानच्या उत्तरेला, एका छोट्या गावात. डोंगर कोरडे, भाकरीच्या रंगाचे. हिरवं म्हणून जे दिसतं ती ऑलिव्हची झाडं, आणि तीही धुळीने करडी. दोन दिवस माझे डोळे पाण्याचं डबकं शोधत होते. सामान तपासताना एका अधिकाऱ्याने माझ्या पिशवीतली कोकमाची सोलां वर धरून वास घेतला, आणि त्याने तोंड असं केलं की मी खाऊन दाखवेपर्यंत त्याचा विश्वास बसेना. पाव मात्र ओळखीचा निघाला. गोल, चपटा, मध्ये पोकळ. आमच्या पोडेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, कोंड्याच्या पोळीचा भाऊच, फक्त कोंडा नसलेला. पहाटे पिशवी घेऊन भट्टीवर जायची रीतही तीच.

तिथे बाईला तिच्या नावाने हाक मारत नाहीत. मुलाची आई म्हणून मारतात. उम्म खालिद म्हणजे खालिदची आई. आमच्याकडे गावात ‘पांडूची आवय’ म्हणतात, तेच. मला विचारलं तर मी सांगितलं, मला एकच मुलगी आहे, नेहा. जरा कुजबुज झाली, आणि त्या दिवसापासून मी उम्म नेहा. पडदा लावलेल्या खोलीत मी आणि एक दुभाषी मुलगी. बाहेर बाकावर रांगेत बायका. कुणी परत गेलं नाही.

उम्म खालिद माझ्याच वयाची होती. पाय चढवला, उभी राहिली, आणि हसून म्हणाली, ‘तमाम, तमाम.’ दुभाष्या मुलीने सांगितलं, एकदम छान आहे म्हणते. मला सांगायची गरज नव्हती. ते हसू मी डिचोलीला बघितलेलं होतं. लांबून पाहुणी आली आहे, तिने आपल्यासाठी कष्ट घेतलेत, तिला कसं सांगायचं?

मी पाय उतरवायला लावला आणि कुंकू काढलं. यात माझी अक्कल कमी पडली. चार पावलं चालून पाय निघाला, तिने आपल्या गुडघ्याखाली लाल बघितलं आणि अशी किंचाळली की बाहेरच्या सगळ्याजणी पडद्याआत. रक्त नव्हे, रक्त नव्हे, हे मला अरबीत येईना. मिंगेलबाबांच्या गाडीला कधी अपघात झाला नसावा. शेवटी मी बोट बुडवून स्वतःच्या कपाळाला टेकवलं. तशी उम्म खालिद जी हसत सुटली ती डोळे पुसेपर्यंत. तिने आपल्या पिशवीतून लिपस्टिक काढून माझ्या हातात ठेवली. पुढचे दहा दिवस मी तीच वापरली.

लाल ठिपका दाखवून मी दुभाष्या मुलीकडे बघितलं. तिने विचारलं. उम्म खालिदने माझं बोट धरलं आणि नेमक्या जागी टेकवलं.

तिला चालायला शिकवताना दुभाषी लागली नाही. ‘सीदा,’ मी म्हणायची. ‘शुवय शुवय. यमीन. वग्गिफ!’ रांगेतल्या बायका तोंडावर ओढणी धरून हसायच्या, कारण हे सगळं कुवेतच्या टॅक्सीवाल्याचं होतं. पण बाई सरळ चालली, हळू चालली, उजवीकडे वळली आणि नेमकी थांबली.

पेडणे, चवथीचा आदला दिवस

आमच्याकडे ज्याचा त्याचा पाट आधीच येतो, त्यावर खडूने नाव. या वर्षी एका पाटावर लिहिलं होतं, ‘गवस, वाळपई.’ त्याच्यावरची मूर्ती पूर्ण झाल्यावर मांयने तिच्या पोटरीवर बोट ठेवलं.

‘हां कितां?’

‘हाड आहे, मांय.’

‘देवाक हाड?’ असं म्हणून तिने ओला कपडा माझ्या हातात दिला. मी निमूटपणे हात फिरवला. तिचं बरोबर होतं.

गवस आले तेव्हा शाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. मेव्हणा बरोबर होता, पण मागे. आमची शाळाही उंचावर आहे, रस्त्यावर उतरायला अकरा पायऱ्या, आणि खाली त्यांचा टेम्पो. उतरणं चढण्यापेक्षा कठीण असतं.

‘हंय उतारलंय तर घरच्यो चडतलंय,’ गवस म्हणाले. मग माझा चेहरा बघून, मी काही विचारायच्या आत, बाकावर बसले, पॅन्ट वर केली आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर पाय उतरवून माझ्यापुढे धरला.

‘बघा. माजां खरां मानू नकात.’

मी बघितलं. बोटाने चाचपलं. कुठेही लाल नव्हतं. पाय परत चढला, आणि मी गणपती त्यांच्या दोन्ही हातांत दिला.

पायऱ्यांच्या तळाशी मिंगेलबाब उभे होते. ट्रक मागे घ्यायला लावतात तसे दोन्ही हात हलवत.

‘सीदा! सीदा! शुवय शुवय... इल्लें यसार...’

‘हॉर्न मार रे,’ गवस वरून म्हणाले, आणि पहिली पायरी उतरले. दुसरी. चौथीवर थांबले, तसा मेव्हण्याने हात पुढे केला. गवसांनी नको म्हणून मान हलवली. पाचवी. गणपतीची सोंड जराही हलत नव्हती. दहावी. अकरावी.

‘वग्गिफ!’ मिंगेलबाब ओरडले.

मी वरच्या पायरीवर उभीच होते. हातातला ओला कपडा केव्हा सुकला कळलं नाही. मागून मांयने तो ओढून घेतला, पाण्यात बुडवला, पिळला आणि परत माझ्या हातात कोंबला.

‘बगीत कितां रवलंय? फुडलो पाट हाड.’